हंडे, ताशा आणि वनमालाचा पियानो

ती. राजनंदिनीआक्कांना,

दिंद्रुडहून आसारामचा नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मालिशचं तेल तसंच बाटलीत असणार, तुमच्या धाकट्या बहिणीने, वनमालाने, लग्नानंतर लगेचच तुमचा स्वभाव मला सांगून ठेवला होता. माझी तब्येत ठीक आहे (भाकरी मीच थापतो, तेव्हा 'ठीक'चा अर्थ तुम्हीच लावा). फोनवर मी खुशाली विचारून ठेवून देतो, म्हणून पत्र.

वनमालाचं वर्षश्राद्ध पुढच्या गुरुवारी आहे. जाण्याच्या महिनाभर आधी तिने गल्लीतल्या बायकांचं ढोल-ताशा पथक काढलं, आणि शिकवायला तीच उरली नाही. आता बायकांचा हट्ट, की बाई कॅसिओवर वाजवायच्या तेच त्या दिवशी वाजवायचं. म्हणजे तुम्ही दोघी वसतिगृहात पियानोवर शिकलात तो परदेशी तुकडा. मी गणिताचा मास्तर, पेटीवर माझा हात आरतीपुरता चालतो. तरी हो म्हणून बसलो.

पियानोच्या डाव्या हाताचा ठेका ढोल-ताशाला दिला, पण उजव्या हाताच्या चालीला सूर हवेत. म्हणून घरोघरचे हंडे-कळशा मागवल्या आणि पाणी कमीजास्त करत, लाकडी पळीने ठोकत सूर जुळवले. पथकातल्या केसरबाईंच्या हंड्यात असा पंचम सापडला की मी दोन दिवस खुशीत होतो. तिसऱ्या दिवशी नळ आला (आमच्याकडे आठवड्यातून एकदाच येतो) आणि सगळं सप्तक उठून पाणी भरायला गेलं. परत आलं ते काठोकाठ भरून. ते पाणी ओतून द्या म्हणायची माझी काही छाती झाली नाही.

त्यातूनही निभावलं, तर मधला विराम आडवा आला. तिथे चार मात्रा सगळं गप्प होतं. या बायकांच्या लेखी वाजायचं थांबलं म्हणजे कार्यक्रम संपला. दर वेळी केसरबाई ढोलाचं टिपरू खाली ठेवून विचारतात, "झालं न्हवं गुर्जी? मंग च्या ठिवते." काल मी त्यांच्यावर ओरडलो. त्यांनी उठून चहा केला. तो पिताना मला रडू आलं, आणि त्यांना वाटलं साखर घालायची राहिली. घर फार रिकामं झालंय, आक्का.

गुरुवारी लवकर या. भाऊजींना नमस्कार.

तुमचा,
आसाराम

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. विरामानंतर पुढे काय आहे, हे मला माहीत नाही. अठरा वर्षं वनमाला तिथे थांबून मांडीवर बोटाने चार मात्रा मोजू लागली की मला झालं असं वाटायचं, मी चहा मागायचो आणि ती उठायची. तेवढं पुढचं सारेगमात लिहून पाठवा.

ता. क. २. शेजारच्या सरूबाई म्हणतात, मी शाळेत गेलो की दुपारी ती पुरं वाजवायची. कसं होतं विचारलं तर "लई गोड व्हतं" एवढंच त्यांना आठवतं. तेव्हा लांब असलं तरी सगळं लिहा. बुधवारी नळ येणार आहे, पण केसरबाईंनी सांगून ठेवलंय, या खेपेला त्यांचा हंडा नळाला लागणार नाही.