ठकूला सांगायचं राहिलेलं

३ मार्च, सोमवार

बोटं आज साडेनऊपर्यंत सुटली नाहीत. गरम पाण्यात धरून बसले, मग कपडे. पाच बटणं लावायला वीस मिनिटं! ग्रंथालयात पोचायला उशीर. दुरुस्तीच्या खोलीत पाठ निखळलेला एक जाडजूड शब्दकोश वाट बघत पडलाय. पूर्वी दोन दिवसांत शिवून मोकळी झाले असते. आज सुईत दोरा ओवेपर्यंत दुपार.

जिन्यात मध्येच थांबावं लागलं. वय झालं, दुसरं काय.

६ मार्च

लेकीची, ठकूची आठवण. कारण काही नाही.

९ मार्च, रविवार

ठकूचा फोन. लेक परदेशी जाऊन सहा वर्षं झाली. "कशी आहेस?" "ठणठणीत." हे उत्तर तोंडात तयारच असतं. संधिवाताची आठवड्याची गोळी मी सहा महिन्यांपूर्वी आपल्या मनाने बंद केली, हे काही सांगितलं नाही. तेव्हा सूज नव्हती, केस मात्र पुंजक्यांनी गळत होते. दुखत नाही तर औषध कशाला?

म्हणावंसं वाटत होतं — ये गं. चारच दिवस ये. मांडीवर डोकं ठेव आणि बडबड कर, मी नुसती ऐकते. म्हटलं काय, तर "तिकडे थंडी आहे का?"

१४ मार्च

जिन्यात कठडा धरून उभी होते, ते ग्रंथपालांनी पाहिलं. न विचारता गाडीत बसवलं आणि सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बावीस वर्षं सोबत काम केलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही.

बाईंनी बोटं दाबून पाहिली आणि विचारलं भलतंच. किती पायऱ्यांवर दम लागतो, छातीत दडपण येतं का. मला हसूच आलं. सिगारेट नाही, साखर नाही, अंगावर मांस नाही. हृदयाचं दुखणं मला कुठून?

त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला संधिवात आहे ना. ही सूज सांध्यांपुरती राहत नाही. रक्तवाहिन्यांनाही आतून लागते. सांधा निदान दुखून सांगतो, त्या सांगत नाहीत."

गोळीचं कबूल केलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१८ मार्च

तपासण्या झाल्या. हृदयाच्या एका रक्तवाहिनीत मोठा अडथळा. परवा जाळी बसवणार. नातेवाइकाची सही हवी. हे जाऊन नऊ वर्षं झाली, इथे माझं कोण? ग्रंथपालांना विचारलं.

"सही करतो," म्हणाले, "पण आधी लेकीला कळवा. उद्या तिने विचारलं तर मी काय तोंड दाखवू?"

फोन हातात घेऊन तासभर बसले. लावला नाही. भ्याले. यायला जमणार नाही म्हणाली तर? विचारलंच नाही तर निदान नकार तरी येत नाही.

१९ मार्च

सांगितलं. गोळीसकट सगळं. मग म्हणाली, "येते मी." एवढंच. एरवी पोरीच्या तोंडाला कुलूप नसतं.

येते म्हणाली! उद्याची भीतीच गेली.

२३ मार्च

जाळी बसली. घरी आले. जुनी गोळी पुन्हा सुरू, सोबत हृदयाच्या चार. केस जाऊ देत खुशाल. ठकूची खोली झाडायला घेतली, अर्ध्यातच ग्रंथपालांच्या बायकोने झाडू हिसकावला. गादीला आता पोरीचा वास राहिलेला नाही. तरी हुंगून पाहिली.

२६ मार्च

आली. दारातच गळ्यात पडली. वाळलीये.

२७ मार्च

सकाळी तिने चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून उचलला. मी तिच्या सुजलेल्या बोटांकडे बघत राहिले. म्हणाली, "पाच महिने झाले, आई. तुला घोर नको म्हणून बोलले नाही."

ये गं, ये गं मनात म्हणत होते इतकी वर्षं. अशी यायला नको होती.

डॉक्टरीणबाईंची उद्या दहाची वेळ घेतली आहे. हिच्या छातीचं मी पहिल्याच दिवशी विचारणार.