दाराआडचं बोलणं

बाई, आज पुन्हा एका मॅनेजमेंट कॉलेजात भाषण ठोकून आलो. तिथल्या पोरांना एकच विचारायचं असतं, वरच्या खुर्चीपर्यंत पोचायला काय लागतं? मी टेबलावर हात आपटून सांगतो, ‘बोला! गप्प बसणाऱ्याला कोणी विचारत नाही!’ टाळ्या पडतात. तुम्ही हयात असतात तर चष्मा पुसत म्हणाला असतात, ‘झालं का ओरडून?’

शाळेतले ते दिवस अजून दिसतात. गिरगावातल्या तुमच्या स्वयंपाकघरात मी वक्तृत्वस्पर्धेची तयारी करतोय. तुम्ही खोबरं खवताय, मी लालबागच्या चाळीतल्या मालवणी हेलात गर्जतोय. आणि शाळेनं स्पर्धेतून माझं नाव कापलं. तुम्ही तडक मुख्याध्यापकांकडे गेलात. मी दाराबाहेर उभा होतो. ‘अहो बाई, त्याचे उच्चार बघा.’ ‘उच्चार मी बघते, तुम्ही मुद्दे ऐका. तो पडला तर पुढल्या वर्षी वक्तृत्व माझ्याकडे देऊ नका.’ मी जिंकलो आणि चाळभर मिरवलो, स्वतःच्या जिभेच्या जोरावर जिंकलो म्हणून. आतलं ते बोलणं तुम्ही कधी काढलं नाहीत. मीही नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या ऑफिसात विभागप्रमुख निवडायचा होता. घोडपदेवची एक एमबीए झालेली मुलगी माझ्या हाताखाली आहे. इतरांनी बिघडवलेली कामं तिनं निस्तरली, टीम तिच्यावर जीव टाकते. पण घरचं वळण असं की आपलं नाव आपण पुढे करायचं नाही. समितीत तिचं नाव निघालं तेव्हा एक जण म्हणाला, ‘काम चोख आहे, पण बोलत नाही. तुम्हीच म्हणता ना सर, गप्प बसणाऱ्याला कोणी विचारत नाही?’ सगळे हसले. मीही हसलो. तिचं काम रोज पाहणारा त्या खोलीत मी एकटाच होतो. सभा गाजवणारी माझी जीभ माझ्याच वाक्याविरुद्ध रेटली नाही. जागा दुसऱ्याला गेली.

परवा ती केबिनमध्ये आली. ‘सर, माझं काय कमी पडलं?’

‘जरा बोलायला शीक गं,’ मी म्हणालो.

‘हो सर,’ म्हणून ती वळली. जाताना दार हळूच ओढून घेतलं.

माणूस वर जातो तो नुसत्या स्वतःच्या बोलण्यानं नव्हे. तो खोलीत नसताना कोणीतरी आपली पत पणाला लावून त्याच्यासाठी बोललेलं असतं. बाई, हे तिला लिहायला हवं होतं. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही आता काहीच विचारणार नाही.