कडक स्प्रिंगा

हिंगोली, मंगळवार, संध्याकाळ

आज हरामखोरपणा केला. निदान इथं तरी खरं लिहावं.

चुलतभाऊ विलास त्याची वेगवान गाडी घेऊन गॅरेजवर आला. गाडी हवी तेवढी उंच-ठेंगणी करणारी कॉइलओव्हर, म्हणजे चाकावरची स्प्रिंग-शॉकअपची जोडी, मीच बसवून दिली होती. स्प्रिंगाही मीच निवडल्या, सगळ्यात कडक. शर्यतीच्या ट्रॅकला त्या ठीक. सेनगावच्या खड्ड्यांच्या रस्त्याला नाहीत, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. चार लोकांत तो मला 'पंक्चरवाला' म्हणाला होता, एवढंच कारण.

मागच्या सीटवर काकू, विलासची आई, होती, कमरेला पट्टा. गेल्या आठवड्यात ह्याच गाडीत, खड्ड्यात आदळून तिचा मणका दबला.

"काहून इतकी आदळून राहिली रे?" विलासनं विचारलं.

"रस्ताच खराब हाय," मी म्हणालो.

नरम स्प्रिंगा मागं फळीवर होत्या. मी बोनेट उघडून उगाच शॉकअपचं बटण फिरवलं. त्यानं स्प्रिंग थोडीच नरम होते?

काकू म्हणाली, "त्याला बोलू नको, पोरगं मन लावून काम करते."

तो पट्टा मला दिसत होता. तरी बोनेट लावलं.

गाडी गेली, तेव्हा बरं वाटलं. अजूनही वाटून राहिलं.