वरणाच्या पातेल्यात प्लाय

आदिलाबाद,
मंगळवार

प्रिय द्वारका,

सप्रेम जयभीम. पत्र पाहून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगतो की माझी तब्येत चांगली आहे, गोळ्या वेळेवर घेतो आणि घरावर कसलंही संकट आलेलं नाही. फोन असताना पत्र कशाला, असं देवानंद विचारतीलच. जावयांना सांग, मास्तर माणूस आहे, हाताची सवय जात नाही. खरं कारण शेवटी लिहितो, आधी स्वयंपाकघराची हकीकत वाच. तू लेकीच्या, शुभांगीच्या बाळंतपणाला पुण्याला निघालीस तेव्हा मी म्हणालो होतो, तू येईपर्यंत ओट्याखाली आणि वर बंद कपाटं करून ठेवतो, तीही माझ्या हातानं. तू हसली होतीस. आता नातू प्रज्वल शाळेत जायला लागला, म्हणजे तू येणारच असं मी धरून चाललो आणि कामाला लागलो.

आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला लाकूड म्हटलं की सागाशिवाय दुसरं काही सुचत नाही. मलाही सुचलं नाही. बाजारहत्नूरला संघपालचा गोठा पडला, त्याचे जुने सागवानी खांब तसेच पडून होते. धाकट्या भावाचे म्हणजे आपलेच, असं म्हणून ऑटोत टाकले, वर ताडपत्री बांधली आणि निघालो. जंगलखात्याच्या नाक्यावर अडवलं. ताडपत्रीमुळं संशय जास्तच आला. गोठ्याचा असला तरी सागाला परवाना लागतो हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण तो नियम चोरांसाठी असतो असं उगीच वाटायचं. नाक्यावरचे साहेब उटनूरच्या शाळेतले माझे विद्यार्थी निघाले. पाया पडले, खुर्ची दिली, चहा पाजला आणि मग म्हणाले, गुरुजी, रीतसर अर्जी द्या, पंचनामा होऊ द्या, तोवर खांब जिथून आणले तिथं नेऊन ठेवा. मीच शिकवलेला प्रामाणिकपणा, ऑटो वळवला आणि खांब परत नेऊन ठेवले. संघपाल अजून हसून राह्यला आहे.

मग प्लायकडं वळलो. बसस्टँडच्या मागं राजन्नांचं दुकान आहे. त्यांनी माझ्यापुढं तीन तुकडे ठेवले. एक साधा प्लाय, एक भुसा दाबून केलेला गुळगुळीत बोर्ड, आणि एक पाण्याला टिकणारा, सहा सूत म्हणजे पाऊण इंच जाडीचा. बोर्ड दिसायला सगळ्यांत देखणा. पण आपलं टीव्हीचं टेबल आठवलं. एका पावसाळ्यात खालून पुरीसारखं फुगलं होतं आणि तू त्यावर रुमाल टाकून पाहुण्यांपासून लपवायचीस. राजन्ना म्हणाले, सार, मेरे पे भरोसा मत करो, उबालके देखो. मी तिन्ही तुकडे घरी आणले आणि तुझ्या वरणाच्या पातेल्यात शिजत ठेवले. दुपारी शेजारच्या बयनाबाई खिडकीशी आल्या. काऊन हो गुरुजी, कायची भाजी शिजवून राह्यले, वास तर लई वंगाळ येते! मी झाकण काढून दाखवलं. बोर्डाची आंबील झाली होती, साध्या प्लायचे पापुद्रे सुटून तरंगत होते, तिसरा मात्र तसाच्या तसा. बयनाबाईंनी एकदा पातेल्याकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि घरून भाकरी आणि पिठलं आणून दिलं. त्यांना वाटलं असावं, मास्तर आता लाकडं खायला लागला. पातेल्याचा वास काही गेला नाही, ते तुला नवं घ्यावं लागेल.

निवड त्याच दिवशी झाली होती. तरीही मी रोज संध्याकाळी राजन्नांच्या दुकानात जात राहिलो. सनमायका कोणता, बिजागऱ्या कोणत्या, कडेला पट्टी कशाची मारायची, तेच तेच विचारायचो. उत्तरं मला पाठ झाली होती. पण सकाळी दूधवाल्याशी दोन शब्द झाले की दिवसभर तोंड उघडायचं कारणच पडत नाही. दुकानात निदान बसायला स्टूल आहे आणि कोणीतरी आपल्याला सार म्हणतं. एके दिवशी राजन्नांनी चहाचा कप हातात दिला आणि हळूच विचारलं, सार, घर में कोई नहीं है क्या? मी म्हणालो, है ना, पूना गयी है. मग मला तिथं बसवेना.

माल नागपूरहून मागवला. आला तेव्हा राजन्नांनी मापं मागितली, कारण प्लायच्या पाट्या ते मशीनवर कापून देणार आणि मी घरी जोडणार. त्यांचा पहिला प्रश्न, म्याडम की हाइट कितनी? ओटा आणि वरचं कपाट बाईच्या उंचीवर ठरतं म्हणे. आणि मला सांगता येईना, द्वारका. मी दुकानात उभ्या उभ्या हात छातीशी नेला, मग खांद्याशी, मग पुन्हा खाली. एवढा संसार केला आणि तू माझ्या कुठवर येतेस ते कळेना. घरी येऊन बयनाबाईंना ओट्याशी उभं केलं. त्या म्हणाल्या, द्वारकाबाई माह्याहून चार बोटं बुटकी, पन बोलायले मोठी. वर हात करायला लावला तर त्यांना हसू आवरेना. त्या गेल्यावर मी त्या जागी बराच वेळ उभा होतो. तू तिथून रोज काय पाहायचीस ते पहिल्यांदा पाहिलं. न्हाणीची भिंत आणि पपईचं झाड, बस.

मापं झाली, पण कापायला दिलेली नाहीत. पाट्या समोरच्या खोलीत विटांवर आडव्या ठेवल्या आहेत, उभ्या ठेवल्या तर वाकतात. त्यांनी सगळी खोली व्यापली आहे. जायला यायला भिंतीला घासून जावं लागतं. जेवतोही त्यांच्यावरच, पेपर पसरून. राजन्नांचा निरोप येतो, सार, कब काटना है? मी म्हणतो, थांबा. एकदा कापलेली पाटी परत जोडता येत नाही.

आता कारण. रविवारी फोनवर शुभांगीनं दुसऱ्यांदा गोड बातमी दिली. मी म्हणालो, फार आनंद झाला, आणि तो खोटा नव्हता. देवानंद म्हणाले, आईंचा आधार आहे म्हणून हिंमत केली. फोन स्पीकरवर होता, सगळे बोलले, तू बोलली नाहीस. मला तुझा फक्त खोकला ऐकू आला. तेव्हापासून मी ते एकच घेऊन बसलो आहे. फोनवर आपण दोघंच कधी नसतो, म्हणून लिहिलं. हे पत्र कोणाला दाखवू नकोस. लेकीला तुझी गरज आहे, हे मी समजून घेतलं आणि गप्प राहिलो. मी समजूतदार आहे असं तुम्ही सगळे म्हणता. बाळंतपणाला तू अवश्य राहा. पण त्याआधी काही दिवस तरी घरी ये. आणि तुझं मन आता तिकडंच लागलं असेल, तर तसं स्पष्ट लिही. मी रागावणार नाही, घराला कुलूप लावून पुण्याला, लेकीच्या अकराव्या मजल्यावर येईन, मागच्या खेपेसारखा पळून येणार नाही. कुठं राहायचं ते तू ठरव. माझं एकट्यानं निभत नाही, द्वारका. आजवर हे कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

तुझाच,
खुशाल