भाऊजींच्या जागी

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बातमी तुझ्यापर्यंत पोचली असेलच, तरी माझ्या हातची म्हणून पुन्हा सांगतो. काल सह्या झाल्या. फुटबॉल क्लब आपला झाला. ज्या खिडकीत बसून बाबांनी आयुष्यभर तिकिटं फाडली आणि जिथे आता तू बसतेस, ती खिडकी, तो स्टँड, ते मैदान, सगळं. सही करताना मी दोनदा पेन खाली ठेवलं. रंगाच्या कारखान्याचे कागद केले तेव्हा असं झालं नव्हतं.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला पहिल्या मिनिटाला अडवतेस आणि दुसऱ्या मिनिटाला रडवतेस.

भाऊजींना सांग, काळजी नको. एकोणीस वर्षं ते आपल्या संघाचे कोच आहेत, पुढेही तेच राहतील. फक्त दुसऱ्या गटात कुजत पडायचे दिवस आता संपले. दोन वर्षांत पहिला गट, हे मी मनाशी पक्कं केलंय. त्यासाठी एक मोठा खेळाडू घेतलाय, गोल मारणारा. नाव ऐकून भाऊजी उडतील. त्यांना चकित करायचं म्हणून आधी बोललो नाही. कारखाना इथे, क्लब तिथे, मध्ये गाडीचे सात तास, त्यामुळे दर सामन्याला येणं जमणार नाही. पण लक्ष राहील.

कळावे. मालक झालो म्हणून लोभात कपात करू नकोस.

तुझा
धाकटा


२० जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र वाचून ऊर भरून आला. बाबा असते तर त्यांनी आधी विचारलं असतं की घरच्यांचे फुकट पास चालू राहणार ना.

आता तुझ्या चकित करण्याबद्दल. हे उडाले नाहीत, खाली बसले. संघाला डाव्या बाजूला बचाव करणारा माणूस हवा होता, हे यांनी चिटणिसांना तीनदा लेखी दिलं होतं. गोल मारणारे आपल्याकडे दोन आहेत, गोल अडवणाऱ्यांची बोंब आहे. तुझा पाहुणा परवा आला. त्याला वेगळी गाडी, वेगळं घर, वेगळा मालिशवाला. कपडे बदलायच्या खोलीत सगळे त्याला 'जावई' म्हणायला लागलेत. माणूस वाईट नाही हं. यांना म्हणाला, थंडी पडली की माझा गुडघा धरतो, हे तुमच्या मालकांनी मला विचारलंच नाही.

गवत राखणारे आपले माळीकाका सांगत होते, वरच्या बाजूच्या गोलामागचं गटार तुंबलंय. जावयाच्या गाडीच्या भाड्यात ते दोनदा साफ झालं असतं.

राग मानू नकोस. हे तुझ्याविरुद्ध चकार शब्द काढत नाहीत. एवढंच म्हणाले, धाकट्याला सांग, ठरवायच्या आधी एकदा विचारत जा. माझं ऐकू नको हवं तर, पण विचारत जा.

कळावे. वेळेवर जेव, आणि आमच्यावरचा लोभ कारखान्यात विसरून येऊ नकोस.

तुझी
ताई


११ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नऊ सामने झाले, सहा हरलो. जावई तीन खेळला आणि गुडघा धरून बसला. इथे चार लोकांत गेलो की पहिला प्रश्न तोच, काय हो, तुमच्या क्लबचं काय. कारखान्यात रंगाचा डबा फुटला तर निदान कुणी वर्तमानपत्रात छापत नाही.

आता जे लिहितोय ते लिहायला मला दोन दिवस लागले. कोच बदलावा असा विचार चालू आहे. एक गृहस्थ आहेत, त्यांनी दोन संघ वरच्या गटात नेलेत. भाऊजींना सल्लागार म्हणून ठेवायचं, पगार तोच, मान तोच. त्यांना दगदग तरी किती दिवस करायला लावायची?

माझी एक विनंती आहे. हे तू त्यांच्या कानावर घाल. मी दोनदा फोन उचलला आणि ठेवून दिला. माझ्या लग्नात त्यांनी मला स्वतःचा कोट घातला होता, ताई. त्यांच्याशी हे बोलताना माझी जीभच उचलणार नाही. तू सांगितलंस तर त्यांना कमी लागेल. महिनाअखेरीच्या आत सांगितलंस तर बरं होईल.

कळावे. तुझ्या लोभाच्या भरवशावरच हे लिहायचं धाडस केलं.

तुझा
धाकटा


२१ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद देते, कारण ते द्यायचे असतात.

तुझं पत्र मला तेरा तारखेला मिळालं. तिकीट खिडकीत बसून वाचलं आणि गल्ल्याखाली सरकवलं. आज सांगू, उद्या सांगू करत शनिवार उजाडला. त्या दिवशी सामना होता. म्हटलं, तो होऊ दे. नेमके जिंकलो. हे इतके खुशीत घरी आले की सांगवेना.

सोमवारी सकाळी हे मैदानावरच्या खोलीत एकटेच होते. फोन वाजला. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, मी नवा कोच, एक तारखेला येतोय, स्टेशनवरून मैदानावर कसं यायचं आणि माझी खोली कोणती? यांना त्यांनी माळीकाका समजलं असणार. यांनी सगळं नीट सांगितलं. पुलाखालून या, वरून वळसा पडतो. खोली जिन्याला लागून आहे, उजवीकडची खिडकी लागत नाही, थंडीत फटीत कागद कोंबा. गृहस्थांनी आभार मानले आणि सहज बोलून गेले की सह्या होऊन महिना झाला, घर मिळेना म्हणून उशीर.

महिना, धाकट्या. आणि मला तू लिहितोस, विचार चालू आहे.

हे घरी आले, हात धुतले आणि मला म्हणाले, माझ्या जागी माणूस आलाय, बोलायला बरा वाटला. मी रडले. पण चकित व्हायचं माझं राहूनच गेलं, आणि ते यांच्या लक्षात आलं. विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? मी सांगितलं, सहा दिवस. त्यानंतर काही बोलले नाहीत. सत्तावीस वर्षांच्या संसारात यांनी माझ्याशी अबोला धरला नव्हता. आता जेवताना मीठ लागलं तरी स्वतः उठून घेतात.

तू बंदूक माझ्या खांद्यावर ठेवलीस, आणि मी खांदा दिला. माझी चूक माझ्याकडे आहे. तुझी तुझ्याकडे ठेव.

सल्लागाराचं पद यांना नको आहे. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, एक सल्ला दिला होता, तो फुकट होता.

कळावे. लोभाविषयी आज काही लिहीत नाही.

ताई


१८ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तीन महिने लिहिलं नाही. काय तोंडानं लिहिणार होतो?

तुला खिडकीतून सगळं दिसतंच, पण माझ्याकडून ऐक. फोनवरचे ते गृहस्थ अकरा सामने टिकले. येताना आपली सात माणसं घेऊन आले, मग म्हणाले अजून दोन हवीत. ती दिली. तरी हरलो. आता तिसरे आलेत, त्यांना ती नऊही नकोत. गेलेल्याचा पगार चालू, आलेल्याचा चालू, आणि बाकावर बसलेल्यांचाही चालू. सरावाचं मैदान विकलं. मुलींचा संघ बंद केला, त्या मुलींचं पत्र आलं होतं, ते मी उघडलं नाही. तेव्हा प्रत्येक वेळी वाटायचं, एवढं ओतलंय, अजून थोडं ओतलं की भरेल. आता कारखानाही गहाण आहे. ही घरात विचारत असते आणि मी वर्तमानपत्र उघडून बसतो.

भाऊजी कसे आहेत, हे विचारायचा मला हक्क नाही. तरी विचारतो.

कळावे. मी लोभ मागत नाही, पण उत्तर दे.

तुझा
धाकटा


९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

विचारलंस म्हणून सांगते. हे रोज सकाळी मैदानावर जायचे, सराव आता तिथेच होतो. कठड्याला टेकून अर्धा तास सराव बघायचे, कुणाला काही सांगायचे नाहीत, आणि परत यायचे. गेल्या आठवड्यात फाटकावर एक कागद लागला. माजी कर्मचाऱ्यांना सरावाच्या वेळी आत सोडू नये. खाली तुझी सही. माळीकाकांना यांना अडवायची लाज वाटली, म्हणून त्यांनी नुसतं कागदाकडे बोट केलं आणि स्वतः पाठ फिरवली. यांनी कागद दोनदा वाचला आणि घरी आले. सोमवारपासून लाकडाच्या वखारीत देखरेखीला जातात. संध्याकाळी अंगाला भुसा लागलेला असतो. मी झटकायला गेले की मागे सरतात.

मला एकच सांग. ती सही तू वाचून केलीस की न वाचता? न वाचता केली असशील तर मला जास्त वाईट वाटेल.

आमचे दोन महिन्यांचे पगार झालेले नाहीत. माझं सोड, पण जर्सी धुणाऱ्या बाई घर सोडून बहिणीकडे राहायला गेल्या.

कळावे.

ताई


२४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

मला पत्रं लिहायची सवय नाही. मायना तुझ्या ताईनं घालून दिला, पुढचं माझं.

उरलेल्या सहा सामन्यांसाठी परत या म्हणून तू लिहिलंस. मी येणार नाही. रुसून नाही. संघ खाली जाणार हे तुलाही दिसतंय. अशा वेळी बाकावर घरचा माणूस बसलेला असला की लोक तुला कमी बोलतील, असं तुला वाटलं असावं. तसं नसलं तर माफ कर.

एकोणीस वर्षांत मी तीस-पस्तीस खेळाडूंना घरी पाठवलं. प्रत्येकाला समोर बसवून सांगितलं, सकाळी, चहा झाल्यावर. एकानं कप फेकून मारला. भुवईला तीन टाके पडले. पण त्याला ते माझ्याच तोंडून कळलं.

तू वाईट माणूस नाहीस. समोरच्याचा पडलेला चेहरा तुला बघवत नाही, म्हणून तू समोर जायचंच टाळतोस. पैसे कुठे घालावेत हे कळायला अक्कल लागते, ती कमी-जास्त असू शकते. समोर जायचं काम मात्र मालकाला करावंच लागतं.

आता हे मैदानही विकायचं ठरलंय असं ऐकतो. इथल्या तेवीस माणसांना ते वर्तमानपत्रातून कळू देऊ नकोस. ये आणि सांग. मी शेजारी उभा राहीन. बोलणार नाही.

कळावे. लोभाचं मला लिहिता येत नाही.

भाऊजी


१९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल तू खोलीच्या मागच्या भिंतीला उभी होतीस, तरी माझ्या बाजूनं काय झालं ते लिहितो.

गाडीत मी सगळं पाठ केलं होतं. कोण काय ओरडेल, मग मी काय म्हणायचं. कपडे बदलायच्या खोलीत बाकांवर तेवीस जण बसले होते, जावईसुद्धा, गुडघ्याला पट्टा बांधून. मी सांगितलं की मैदान गोदामं बांधणाऱ्यांना विकलंय, तीस तारखेचा सामना शेवटचा, आणि विक्रीचे पैसे आले की सर्वांत आधी तुमचे पगार. मी सांगितलं की हे माझ्यामुळे झालं.

कुणी ओरडलं नाही. पाठ केलेलं सगळं वाया गेलं. जर्सी धुणाऱ्या बाईंनी पदरानं बाकाची कड पुसली आणि पुसतच राहिल्या. मग माळीकाका उभे राहिले. त्यांनी विचारलं, गवत वाढलंय, उद्या कापायचं का? मी भाऊजींकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. मी म्हटलं, कापा. तर ते म्हणाले, सामन्यासाठी कापू की विकण्यासाठी, दोन्हीचं माप वेगळं असतं.

ताई, मी 'सामन्यासाठी' म्हणालो आणि बाहेर आलो. स्टँडच्या मागे जाऊन बसलो. सांगून टाकल्यावर हलकं वाटतं म्हणतात. मला नाही वाटलं. भाऊजी स्टेशनपर्यंत सोबत आले. गाडी सुटेपर्यंत उभे होते.

आणि त्या कागदावरची सही मी न वाचता केली होती.

कळावे. लोभ ठेवायचा की नाही, ते तुम्ही दोघांनी ठरवा.

तुझा
धाकटा


२ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

परवाचा सामना झाला. दोन गोलांनी हरलो. चारशेच्या आसपास लोक होते, बरेचसे नुसते फोटो काढायला आलेले.

सामना सुरू व्हायला पाच मिनिटं असताना खिडकीशी हे येऊन उभे राहिले. घरून माझ्याआधी निघाले होते, कुठे जातो सांगितलं नव्हतं. इतरांसारखे रांगेतून आले. पैसे पुढे केले आणि म्हणाले, दोन. मी विचारलं, सोबत कोण आहे? तर म्हणाले, खिडकी बंद कर आणि चल.

बावीस वर्षं मी तिकिटं विकली, पण आतला एकही सामना मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितला नव्हता. आतून नुसता आरडाओरडा ऐकू यायचा आणि त्यावरून मी ओळखायची. आम्ही वरच्या रांगेत बसलो. पहिला अर्धा वेळ यांची नजर चेंडूवरून हलली नाही. मला खेळातलं काही कळत नव्हतं आणि विचारायची छाती होत नव्हती. मध्यंतराला यांनी विचारलं, ऊन लागतंय का? सहा महिन्यांत यांनी मला आपणहून विचारलेली पहिली गोष्ट. ऊन मला लागत नव्हतं. मी हो म्हटलं. यांनी खिशातला रुमाल काढून दिला, तो मी डोक्यावर धरला, आणि राहिलेला सामना तसाच बघितला.

उद्या किल्ल्या द्यायला मला बोलावलंय. हे वखारीतून सुट्टी काढून सोबत येणार आहेत.

तू इतक्यात येऊ नकोस. यांना वेळ लागेल, मलाही लागेल. पत्रं मात्र लिही, आणि लिहिलेलं खरं लिही. कारखान्याचं काय होतंय ते कळव. तुझ्या बायकोनं विचारलं की वर्तमानपत्र खाली ठेव.

कळावे. मी तुला अजून माफ केलेलं नाही. लोभ तेवढा मधल्या काळात एक दिवसही थांबला नाही, त्याला मी काय करू?

तुझी
ताई