ओळ एकशे चाळीस

ता. ३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आईच्या मनगटाचं प्लास्टर निघून तीन आठवडे झाले. हाड सांधलं, मन सांधलं नाही. उजवा हात ती मांडीवर पाहुण्यासारखा ठेवून बसते. व्यायामाच्या बाईंनी दाबायला दिलेला रबरी चेंडू तिने शेजारच्या कुत्र्याला दिला. कुत्र्याचा जबडा उत्तम सुधारला आहे. बाई म्हणतात, महिनाभरात बोटं हलली नाहीत तर अशीच आखडून राहतील. तीस वर्षं कचेरीत टंकलेखन केलेली बोटं, ताई! मी रागावून पाहिलं, लाडीगोडी लावली, शेवटी संस्कृतातही विनवलं. तेव्हा तिने डाव्या हाताने रेडिओ मोठा केला.

लोकांचे दात उपटण्यातून सवड मिळाली तर काही सुचव. लोभ असावा, उपायासकट.

तुझा,
पंडित

ता. ८ जून

चि. पंडितास,
अ. उ. आ.

संस्कृतात विनवलंस, तिथेच चुकलास. लहानपणी टीव्हीला जोडायचा तो आपला छोटा संगणक आठवतो? तो आता ब्राउझरमध्ये जसाच्या तसा चालतो. एम्युलेटर म्हणतात. निळा पडदा, लुकलुकणारा चौकोन, सगळं तेच. आपण वहीत रचलेल्या ‘अंडी झेला’ या खेळाच्या प्रोग्रॅमच्या क्रमांक घातलेल्या ओळी सोबत पाठवतेय. तेव्हा आपण ओळी वाचायचो आणि आई कळांकडे न बघता टंकायची. आता तू तिच्यासमोर बसून टंक. दोन चुका मुद्दाम कर. दुसऱ्याचं गचाळ टंकलेखन ती किती वेळ सहन करते, ते कळव.

माया आहेच, पण उत्तर लवकर दे.

ताई

ता. १५ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सांगतो, पण क्रमाने. पहिल्या दोन चुका तुझ्या आज्ञेवरून केल्या. पुढच्या एकोणीस स्वतःच्या गुणवत्तेवर. दर वेळी यंत्र ‘चूक, ओळ नव्वद’ एवढंच म्हणे. इतक्या थोडक्यात झापणारा वैयाकरण मी पाहिला नाही. दोन तासांनी खेळ सुरू झाला, तर अंडी टोपलीतून वर आकाशात उडू लागली. मी त्याला पाठभेद म्हटलं. आई पाठ फिरवूनच म्हणाली की एकशेचाळिसावी ओळ गाळली असशील, तुम्ही तेव्हाही तीच गाळायचात.

खरंच गाळली होती! मी गडबडलो. यंत्र अडलं की वायर उपटायची, हा आपला बालपणीचा संस्कार; त्याला स्मरून मी ब्राउझरचं पान रिफ्रेश केलं. सगळ्या ओळी गेल्या. पडदा निळाशार, माझ्या डोक्यासारखा रिकामा.

आईने मला खुर्चीवरून अक्षरशः ढकललं. म्हणाली, गाढवा, ऊठ, तू नुसता वाच. डाव्या हाताने सुरुवात केली. तिसाव्या ओळीत दोन लांबच्या कळा एकदम दाबायच्या होत्या, आणि उजवा हात मांडीवरून उठला. आधी तर्जनी, मग अनामिका. मी वाचत राहिलो, वर न बघता. नाक मात्र दोनदा ओढलं. तिने ती सर्दी समजली असावी.

असाच लोभ असू दे. मी नाचतो आहे, म्हणून इथेच थांबतो.

पंडित

ता. २१ जून

चि. थोरलीस,
अ. उ. आ.

चुका तू करायला सांगितल्यास, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. खोटं वागताना पंडित कान खाजवतो. पण पुढच्या चुका इतक्या अस्सल होत्या की राहवेना. काल व्यायामाच्या बाईंनी चार अंडी झेलली, मी एकशे बारा. बाई आता अर्धा तास आधीच येतात आणि माझी बोटं तपासायची विसरतात. करंगळी अजून आळशी आहे, पण तिला रोज कामाला लावते.

आज सकाळी मी टोपली अर्धी केली आणि अंड्यांचा वेग दुप्पट. पंडिताला सांगितलेलं नाही. तो आत्ता आत बसून संगणकाला शुद्ध संस्कृतात शिव्या घालतोय. इथून पुढे अक्षर हललेलं दिसलं, तर घाबरू नकोस. ते हाताचं नाही, हसण्याचं आहे.

तुझी,
आई