होल्टनच्या माळावरचा कोरहुन

सातारा, २ जून २००५

चि. उल्कास अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. तू दिलेलं चीज आईने वासावरूनच नापास केलं.

तुझ्या ऑफिसने ऐनवेळी रजा नाकारली आणि मी तुझ्या शेजारच्या डच यानरावांबरोबर होल्टनला गेलो, हे मनाला लावून घेऊ नकोस. पण काय सांगू! मागे पाईनचं रान, पुढे हेदरच्या झुडपांचा माळ, आणि उजाडताना तो काळा कोरहुन आला. कोंबड्याएवढा, भुवया लालभडक. शेपटीखालची पांढरी पिसं फुलवून असा घुमू लागला की यानरावांनी माझा हातच धरला. त्यांच्या देशात तो आता फक्त तिथेच उरलाय म्हणे. पुढच्या वसंतात आपण दोघं जाऊ.

तुझा,
बाबा

नायमेखन, २० नोव्हेंबर २००५

ती. बाबांस शि. सा. न.

तुमच्या डोळ्यांचं राजनदादाकडून कळलं. समोर पाहिलं की मधोमध काळा डाग, आणि गेलेली नजर परत येणार नाही. फोनवर मात्र तुम्ही हवापाण्याचंच बोलत राहिलात!

तेव्हा मी म्हटलं होतं, पक्षी काय पळून जातोय? पक्षी नाही पळाला, बाबा. मॅनेजरला ठाम नाही म्हणायला हवं होतं. एप्रिलमध्ये याच. मी हात धरून नेईन.

तुमची,
उल्का

सातारा, ११ डिसेंबर २००५

चि. उल्कास आशीर्वाद.

अक्षर आईचं, मजकूर माझा. मी येत नाही. मी धुक्याकडे बघत बसायचं आणि तू माझ्याकडे, ते नको. तू जा. काय दिसलं ते लिही.

बाबा

ता. क. रात्री उठले की भिंत चाचपत जातात. तुला कळवू नको म्हणाले होते. – आई

नायमेखन, १६ एप्रिल २००६

ती. बाबांस सा. न.

आई, हे सावकाश वाच.

काल यानकाकांबरोबर गेले. बराच वेळ नुसते चंडोल. मग कोरहुनचा एकच नर आला आणि घुमू लागला. मादी एकही आली नाही. मी दुर्बीण लावली आणि तुम्हाला डावीकडे बघायला सांगितलं, मोठ्याने, मराठीत. यानकाकांना एक अक्षरही कळलं नाही, पण ते थोडे बाजूला सरकून उभे राहिले.

थोड्या वेळाने तो रानाकडे उडून गेला. बाबा, मला तो अगदी स्वच्छ दिसला. तेच सहन झालं नाही.

माया आहे तशीच राहू द्या.

उल्का